आर्क्टिकमधील गाळ आणि गोठलेली जमीन कशी वाचावी: खानदेशातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील महाविद्यालयांत भूगोल, भूशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पुराहवामानाच्या, म्हणजे प्राचीन काळच्या हवामानाच्या, अभ्यासाची ओढ लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात राहून आर्क्टिकच्या गोठलेल्या जमिनीचा आणि तळ्यांच्या गाळाचा अभ्यास कोठून सुरू करावा, हा त्यांचा प्रश्न असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आर्क्टिकमधील नमुने कसे निवडले, काढले आणि वाचले जातात ते यात क्रमाने सांगितले आहे. प्रत्येक पायरीचा जो भाग गावाजवळच्या तलावात आणि महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत करून पाहता येतो, तोही तेथेच दिला आहे.

या विषयात सर्वांत महत्त्वाचा असतो तो क्रम. थर कसा साचला हे आधी ठरवावे, तो कधी साचला हे त्यानंतर, आणि त्या वेळी हवामान काय होते हे सर्वांत शेवटी. नवशिके बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात. त्यामुळे आलेखावर दिसणारा प्रत्येक चढउतार त्यांना तापमानाचा वाटू लागतो.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करावा

‘पूर्वी हवामान कसे होते’ एवढ्या प्रश्नावर काम करता येत नाही. कोणत्या ऋतूचे, किती जुन्या काळातले आणि किती वर्षांच्या टप्प्यांनी हवामान जाणून घ्यायचे आहे, हे ठरल्याशिवाय नमुना कोठून घ्यावा हेही ठरत नाही. यांतला ऋतूचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण आर्क्टिकमध्ये निसर्गाने ठेवलेल्या नोंदी बहुतांशी एकेका ऋतूच्याच असतात. तळ्यातील शेवाळ, पाण्यातील किडे, काठावरची फुले ही सर्व उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत जगतात. म्हणून त्यांच्या अवशेषांतून प्रामुख्याने उन्हाळाच कळतो. हिवाळ्याची नोंद हवी असेल तर गोठलेल्या जमिनीतील बर्फाच्या पाचरींकडे वळावे लागते.

ही पाचर कशी तयार होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात तापमान झपाट्याने उतरले की गोठलेली जमीन आकसते आणि तिला उभी, अरुंद भेग पडते. वसंतात वितळलेल्या हिमाचे पाणी त्या भेगेत उतरते आणि खालच्या थंडीने तेथेच गोठते. पुढच्या हिवाळ्यात बहुधा त्याच दुबळ्या जागी पुन्हा भेग पडते, आणि असे शेकडो, हजारो वर्षे चालले की काही मिलिमीटरांच्या भेगेची कित्येक मीटर रुंदीची पाचर होते. उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती खानदेशात सर्वांच्या पाहण्यातली आहे. तेथील भेग थंडीने पडते आणि आपल्याकडची वाळण्याने, पण दोन्ही ठिकाणी वरचे पदार्थ भेगेतून खाली जातात, हे साम्य पुढे वय ठरवताना लक्षात ठेवावे लागेल. पाचरीतील पाणी हे हिवाळ्यात पडलेल्या हिमाचे असल्यामुळे त्यातील ऑक्सिजनच्या आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंचे) प्रमाण त्या काळच्या हिवाळ्याच्या थंडीशी बांधलेले असते. थंडी जितकी अधिक, तितके जड समस्थानिकांचे प्रमाण कमी.

ऋतूंचा हा भेद दुर्लक्षित राहिला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण सायबेरियातील लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशात मिळते. तेथील बर्फाच्या पाचरींतील समस्थानिकांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की गेल्या सुमारे ७,००० वर्षांत तेथील हिवाळे हळूहळू उबदार होत गेले आहेत. त्याच काळातील उन्हाळ्याच्या नोंदी मात्र उत्तरेकडील प्रदेश हळूहळू थंड होत गेल्याचे सांगत होत्या. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील संथ बदलांमुळे उच्च अक्षांशांवर उन्हाळ्यात पोहोचणारी सूर्याची उष्णता या काळात घटत गेली, तर हिवाळ्यावर परिणाम करणारी कारणे वेगळी होती.

दुसरी पायरी: जागा निवडावी

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. व्याख्या तापमानाची आहे, बर्फाची नव्हे. कोरडा खडकही पर्माफ्रॉस्टमध्ये मोडू शकतो. तिच्यावरचा जो थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि पुन्हा गोठतो त्याला सक्रिय थर म्हणतात, आणि जुन्या हवामानाच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा निरुपयोगी असतो, कारण गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांनी त्यातील माती घुसळली जाते. उपयोगाचा असतो तो त्याखालचा, गोठल्यानंतर पुन्हा न वितळलेला भाग. सायबेरिया, अलास्का आणि कॅनडातील युकॉन येथे हिमयुगाच्या उत्तरार्धात वाऱ्याने आणि पाण्याने आणलेली बारीक माती साचत साचत गोठत गेली. येडोमा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थरांत आकारमानाने निम्म्याहून अधिक बर्फ असू शकतो, आणि त्यांत गवताची मुळे, बिया, किडे, प्राण्यांची हाडे विलक्षण चांगल्या स्थितीत टिकून राहतात.

अशा जमिनीचा उभा छेद जगात सर्वांत भव्य स्वरूपात दिसतो तो सायबेरियाच्या याकुतिया प्रांतातील बाटागाय येथे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलाचे आच्छादन गेल्यानंतर तेथील उतार वितळून ढासळू लागला, आणि आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीची, अजूनही दरवर्षी मागे सरकणारी प्रचंड घळ आहे. तिच्या तळाकडील गोठलेली जमीन सुमारे ६,५०,००० वर्षांपूर्वीची असल्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. याच परिसरातील वेर्खोयान्स्क येथे २० जून २०२० रोजी ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, हे वाचून खानदेशातील माणसालाही थबकायला होते.

छेद भव्य असला तरी तो अखंड असेलच असे नाही. बाटागाय येथेही मधले काही कालखंड धुऊन गेलेले आहेत. अखंड नोंद हवी असेल तर तळे शोधावे. तळे खोल असावे, म्हणजे लाटा तळाला ढवळत नाहीत. त्यात मोठी नदी येऊन मिळत नसावी, म्हणजे पुराचा गाळ अचानक येत नाही. आणि हिमनदीने ते कधी खरवडलेले नसावे. ही शेवटची अट आर्क्टिकमध्ये बहुतेक तळ्यांना बाद करते. पूर्व सायबेरियात चुकोत्का येथील एल्गिगित्गिन तळे ती पूर्ण करते, आणि म्हणूनच त्याला या विषयात एवढे महत्त्व आहे. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या १८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे तळे आहे. त्याचा व्यास सुमारे १२ किलोमीटर आणि खोली सुमारे १७० मीटर आहे. तेथे हिमनद्या कधीच पसरल्या नाहीत, त्यामुळे विवर झाल्यापासूनचा गाळ तळाशी शाबूत राहिला.

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरही उल्काविवरातच आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये झालेले आहे, आणि त्यातील सुमारे १० मीटर लांबीच्या कोअरमधून (नळीने उभ्या काढलेल्या गाळाच्या नमुन्यातून) गेल्या ११,००० वर्षांतील मोसमी पावसाचा इतिहास मांडला गेला आहे. तळे आटले की गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात. ते ज्या थरांत मिळाले त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घ कोरडे कालखंड येऊन गेल्याचा निष्कर्ष निघाला. भुसावळहून किंवा जामनेरहून सकाळी निघाले तर लोणार पाहून रात्री घरी परतता येते. ज्याला एल्गिगित्गिनवरचे शोधनिबंध समजून घ्यायचे आहेत त्याने आधी लोणारच्या काठावर उभे राहून विवराचा आकार, आत येणारे ओढे आणि क्षारांची किनार डोळ्यांनी पाहावी, असे मी आवर्जून सांगतो.

तापीच्या काठच्या गाळाच्या उंच दरडींबद्दलही विद्यार्थी विचारतात. यावल, चोपडा या बाजूला त्या दरडींत पिवळसर माती, चुनखडीचे खडे, वाळू आणि गोटे यांचे थर स्पष्ट दिसतात, आणि छेदाचे वर्णन लिहायला शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. परंतु नदी जशी साठवते तशीच खरवडतेही. दोन थरांमध्ये किती हजार वर्षे नाहीशी झाली आहेत हे नुसते पाहून कळत नाही. पहिल्या अभ्यासासाठी स्थिर पाण्यातला गाळच घ्यावा.

तिसरी पायरी: नमुना काढावा

आर्क्टिकमधील तळ्यांवर काम करण्याचा सोयीचा काळ म्हणजे हिवाळ्याचा शेवट, कारण तेव्हा तळ्यावरचा बर्फच यंत्राचा पाया होतो. एल्गिगित्गिन येथे २००९ सालच्या पहिल्या काही महिन्यांत असेच गोठलेल्या पृष्ठभागावरून वेधन झाले आणि ३१८ मीटर जाडीचा तळ्याचा गाळ भेदून खालच्या उल्कापाताच्या खडकापर्यंत यंत्र पोहोचले. लहान तळ्यांत एवढा खटाटोप लागत नाही. वरच्या मऊ गाळासाठी स्वतःच्या वजनाने रुतणारी नळी आणि खालच्या घट्ट गाळासाठी दट्ट्याची नळी वापरतात. दोन नळ्यांतील गाळ एकमेकांशी जुळवता यावा म्हणून शेजारच्या दोन छिद्रांतून, खोली थोडी पुढेमागे ठेवून, नमुने घेतले जातात. तसे केले नाही तर प्रत्येक नळीच्या सांध्यावर नोंदीत फट पडते.

गोठलेल्या जमिनीत उघड्या दरडीवर काम असेल तर वितळून ओघळलेला वरचा चिखल आधी खरवडून, खरा गोठलेला पृष्ठभाग दिसेपर्यंत आत जावे लागते. नमुना करवतीने किंवा पोकळ ड्रिलने कापतात आणि प्रयोगशाळेपर्यंत गोठलेलाच ठेवतात. उन्हाळ्याच्या दुपारी अशा दरडींतून मोठमोठे तुकडे निखळतात, म्हणून खाली उभे राहण्याची वेळ आणि जागा अनुभवी सहकाऱ्याला विचारूनच ठरवावी.

आता घरचा अभ्यास. गावाजवळचा एखादा पाझर तलाव निवडावा. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात असे अनेक तलाव बांधले गेले, आणि त्यांचे बांधकाम कधी झाले हे कागदोपत्री किंवा गावातील वयस्कर मंडळींकडून कळते. त्यामुळे गाळाच्या तळाचे वय आयतेच मिळते. मात्र ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किंवा इतर वेळी त्यातला गाळ शेतात वाहून नेलेला नाही ना, याची आधी चौकशी करावी. उपसा झालेल्या तलावातला छेद वरून अखंड दिसला तरी त्यातली वर्षे गेलेली असतात. ग्रामपंचायतीची आणि तलाव ज्या विभागाकडे असेल त्याची परवानगी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटले की पात्राच्या सर्वांत सखल भागाजवळ, पण ट्रॅक्टरची चाकोरी आणि गुरांची पायवाट टाळून, कमरेपेक्षा कमी खोल खड्डा खणावा. ओल्या गाळाच्या भिंती ढासळतात, म्हणून एकट्याने खणू नये.

खड्ड्याची सावलीतली भिंत खुरप्याने किंवा गवंड्याच्या थापीने वरून खाली न घासता आडवी तासावी, म्हणजे वरचा रंग खालच्या थराला लागत नाही. मग फूटपट्टी टांगून फोटो घ्यावा आणि एक-दोन सेंटिमीटरच्या अंतराने, खालून वर येत, स्वच्छ चमच्याने नमुने काढावेत. प्रत्येक पिशवीवर तलावाचे नाव, खोली आणि तारीख लिहावी, आणि तेच वहीतही लिहावे, कारण ओल्या पिशवीवरची शाई पुसली जाते.

चौथी पायरी: कापण्याआधी पाहावे

भिंतीकडे शांतपणे पाहिले तर साधारण असे दिसते. तळाशी तलाव होण्यापूर्वीची जमीन असते. ती दाट काळी, मुळांच्या बारीक नळ्यांची, खडे मिसळलेली असते, आणि तिच्यावरची रेषा बहुधा ठळक असते. त्यावर तपकिरी चिकण गाळाचे पातळ पदर येतात. मध्येच एखादा बोटभर जाडीचा वाळूचा पट्टा येतो, ज्याचे कण खाली जाडसर आणि वर बारीक होत गेलेले असतात. तो एका मोठ्या पावसाचा, कदाचित एकाच रात्रीचा असतो. वरच्या हातभर गाळात उभ्या भेगा असतात आणि त्या भेगांत वरचा फिकट गाळ उतरलेला असतो. एवढे नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तरी दोन गोष्टी ठरतात. वाळूच्या पट्ट्याची जाडी काळाच्या हिशेबातून वगळावी लागेल, कारण तिला वर्षे लागलेली नाहीत. आणि भेगांजवळचा नमुना वयासाठी चालणार नाही.

आर्क्टिकमधील कोअरचे वर्णनही याच शिस्तीने होते. रंग, कणांचा आकार, पदरांची जाडी, सीमारेषा ठळक की पुसट, हे सर्व आधी लिहिले जाते. एल्गिगित्गिनच्या गाळात तीन मुख्य प्रकार ओळखले गेले. गडद करडा, पातळ पदरांचा गाळ हा अतिशीत काळातला. त्या काळी तळ्यावर बर्फ वर्षभर राहिल्याने तळाशी ऑक्सिजन पोहोचत नव्हता, गाळ ढवळणारे जीव नव्हते, आणि म्हणून पदर मोडले नाहीत. पदर पुसट झालेला गाळ हा मध्यम हवामानातला. तांबूस तपकिरी पदरांचा गाळ विशेष उबदार काळातला, जेव्हा तळ्यात जैविक उत्पादन खूप वाढले होते. म्हणजे ‘पदर आहेत’ एवढ्यावरून थंडी ठरत नाही. कोणत्या कारणाने पदर टिकले, हे ठरवावे लागते.

पाचवी पायरी: वय ठरवावे

सर्वाधिक काळजी येथे लागते. कार्बन-१४ (रेडिओकार्बन) चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असते आणि ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. मिळालेले रेडिओकार्बन वय हे पंचांगाचे वय नसते. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार बदलत आल्याने ते अंशशोधन वक्राशी, म्हणजे आधीच वय माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखाशी, ताडून पाहावे लागते. उदाहरणार्थ, १०,००० रेडिओकार्बन वर्षे म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ११,५०० वर्षे. शिवाय ‘आजपासून’ असे म्हणताना या पद्धतीत १९५० हे वर्ष धरले जाते.

आर्क्टिकमध्ये आणखी एक मोठी अडचण आहे. काठाची गोठलेली जमीन वितळली की तिच्यातील हजारो वर्षे जुना कार्बन तळ्यात वाहून येतो आणि नव्या गाळात मिसळतो. अशा गाळाचा सरसकट गोळा प्रयोगशाळेत पाठवला तर वय खऱ्यापेक्षा कित्येक शतके, प्रसंगी हजारो वर्षे जास्त येते. म्हणून गाळ चाळून त्यातील पान, बी, काटकी असा जमिनीवरच्या वनस्पतीचा नाजूक अवशेष निवडतात. नाजूक असण्याला महत्त्व आहे, कारण जुनी, पुन्हा वाहून आलेली वस्तू सहसा झिजलेली असते. अशा अनेक वयांवरून खोली आणि वय यांचे नाते मांडणारे प्रारूप तयार होते. त्यासाठी बेकन आणि ऑक्सकॅल या संगणकीय आज्ञावली विनामूल्य मिळतात.

गेल्या शे-दीडशे वर्षांच्या गाळासाठी शिसे-२१० वापरतात, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. अणुचाचण्यांतून हवेत आलेल्या सीझियम-१३७ चा १९६३ च्या सुमाराचा उंचवटाही खूण म्हणून उपयोगी पडतो. त्याहून जुन्या काळासाठी ज्वालामुखीच्या राखेचे थर, वाळूच्या कणांवरचे प्रकाशदीप्ती मापन (कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते सांगणारे) आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उलटापालटी यांचा आधार घेतात. युकॉनमध्ये एका राखेच्या थरावरून तेथील बर्फाची पाचर सुमारे ७,४०,००० वर्षे जुनी असल्याचे २००८ साली दाखवले गेले, म्हणजे मधले अनेक उबदार काळ सोसूनही ती वितळली नाही.

साचण्याचा वेग काढण्याचा सराव कागदावर जरूर करावा. एल्गिगित्गिनचा ३१८ मीटर गाळ ३६ लाख वर्षांत साचला असे धरले तर सरासरीने एका सेंटिमीटरला सुमारे ११३ वर्षे लागली. प्रत्यक्षात वेग काळानुसार बदलला आहे, पण पल्ला लक्षात येतो. लोणारच्या १० मीटरसाठी हेच उत्तर सुमारे ११ वर्षे येते. समजा, पन्नास वर्षांपूर्वीच्या पाझर तलावात एक मीटर गाळ मिळाला, तर वर्षाला दोन सेंटिमीटर झाले. एल्गिगित्गिनमध्ये एका वर्षीचा दुष्काळ शोधणे व्यर्थ आहे, आणि पाझर तलावात हिमयुग शोधणेही. कोणत्या नोंदीला कोणता प्रश्न विचारावा, हे या तीन आकड्यांवरून बहुतांशी ठरते.

सहावी पायरी: मोजमाप करावे

पहिले मोजमाप म्हणून जाळून होणारी घट मोजावी. रसायनशास्त्र विभागातील मफल फर्नेस (उच्च तापमानाची भट्टी), चिनी मातीच्या मुशी आणि मिलिग्रॅम दाखवणारा तराजू एवढ्यावर ते होते. नमुना १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवून तोलावा, ५५० अंशांना चार तास ठेवून, डेसिकेटरमध्ये (हवेतील ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून पुन्हा तोलावा, आणि ९५० अंशांना दोन तास ठेवून तिसऱ्यांदा तोलावा. कोरडा नमुना २.००० ग्रॅम आणि ५५० अंशांनंतर १.८४० ग्रॅम आला तर घट ८ टक्के झाली, आणि तो सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मानतात. दुसऱ्या टप्प्यातील घट ही कार्बोनेटमधून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. तिला ०.४४ ने भागले की कॅल्शियम कार्बोनेटचा अंदाज येतो. आपल्या काळ्या मातीत मात्र चिकणमातीच्या खनिजांत बांधलेले पाणीही तापवल्यावर निघते, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ वाजवीपेक्षा जास्त दिसतो. आकड्यांच्या चढउताराकडे पाहावे, एकेका आकड्यावर विसंबू नये.

दुसरे मोजमाप चुंबकीय ग्रहणशीलतेचे, म्हणजे नमुना चुंबकाने किती भारला जातो त्याचे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट भरपूर असल्याने आपल्या तलावात हा आकडा वाढला तर पाणलोटातील माती अधिक प्रमाणात वाहून आली, असा अर्थ बहुतेक वेळा बरोबर ठरतो. एल्गिगित्गिनमध्ये मात्र अतिशीत काळातल्या थरांत हा आकडा कमी आढळतो, कारण ऑक्सिजन नसलेल्या तळाशी मॅग्नेटाइटच विरघळून गेले. तेथील आकडा काठाच्या धूपेपेक्षा तळाच्या पाण्याबद्दल जास्त सांगतो. एका तळ्यातील अर्थ दुसऱ्या तळ्याला लावू नये.

तिसरे म्हणजे परागकण, आणि या कामात विद्यार्थी हरखून जातात. पराग वेगळे काढण्याच्या पूर्ण पद्धतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, जे त्वचेतून शिरून हाडापर्यंत इजा करते, म्हणून ते काम योग्य सोयी आणि प्रशिक्षित व्यक्ती असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. सुरुवातीला आपल्या परिसरातील फुलांच्या संदर्भ काचपट्ट्या बनवाव्यात. ज्वारीचा कण गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा दिसतो, आणि बहुतेक सर्व गवतांचा तसाच असतो. बाभळीचे सोळा कण एकत्र चिकटलेले असतात. कपाशीचा कण मोठा आणि काटेरी असतो. मग तलावाच्या गाळातले पराग मोजले की एक धडा आपोआप मिळतो. चारही बाजूंना कपाशी असूनही तिचे कण अगदी क्वचित दिसतात, कारण ते जड असतात आणि कीटकांमार्फत जातात. वाऱ्यावर उडणारे गवताचे कण मात्र ढिगाने असतात. आर्क्टिकमध्येही हेच आहे. पाइनचा दोन हवापिशव्यांचा कण शेकडो किलोमीटर उडत येतो आणि जेथे एकही झाड नाही अशा तळ्यात पडतो. म्हणून परागांची टक्केवारी म्हणजे झाडांची टक्केवारी नव्हे. प्रत्येक नमुन्यात साधारण ३०० कण मोजण्याची रीत आहे.

याशिवाय डायटम शेवाळांची सिलिकाची कवचे, कायरोनॉमिड माश्यांच्या अळ्यांची कठीण डोकी, पानांवरील मेणाचे रेणू आणि गाळात टिकलेला डीएनए हे पुरावे वापरले जातात. कायरोनॉमिडच्या जातींवरून जुलैच्या तापमानाचा अंदाज काढतात. डीएनएच्या बाबतीत उत्तर ग्रीनलँडमधील काप कोबेनहाव्हन येथील काम थक्क करणारे आहे. तेथील सुमारे २० लाख वर्षे जुन्या, गोठलेल्या गाळातून पॉप्लर, बर्च, रेनडिअर, ससे आणि मॅस्टोडॉन यांचे अंश ओळखले गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. आज जेथे झाडे उगवतच नाहीत अशा ध्रुवीय वाळवंटात त्या काळी जंगल होते.

सातवी पायरी: अर्थ लावावा

आकड्यांवरून तापमान काढताना आजच्या अनेक तळ्यांतील वरच्या गाळाशी जुन्या नमुन्यांची तुलना करतात. आज ज्या तापमानात जे जीव आढळतात, त्याच तापमानात ते पूर्वीही राहत असत, हे यात गृहीत धरलेले असते. जेथे आजच्या जगात जोडीदार नाही, जसे हिमयुगातील थंड, कोरडे गवताळ माळ, तेथे हे गृहीतक दुबळे पडते आणि तसे स्पष्ट लिहावे लागते. एकमेकांशी संबंध नसलेले किमान दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच विधान करावे. एल्गिगित्गिनच्या गाळात सिलिका आणि टायटेनियम यांचे गुणोत्तर (तळ्यातील जैविक उत्पादनाची खूण), पराग आणि गाळाचा प्रकार हे तिन्ही जुळले, म्हणूनच सुमारे ४ लाख आणि सुमारे ११ लाख वर्षांपूर्वीच्या दोन उबदार काळांत तेथील उन्हाळा आजच्यापेक्षा ४ ते ५ अंशांनी उष्ण होता, हा निष्कर्ष मान्य झाला. ३६ ते ३४ लाख वर्षांपूर्वी, हवेतील कार्बन डायऑक्साइड आजच्या पातळीच्या जवळपास असताना, तेथील उन्हाळे सुमारे ८ अंशांनी उष्ण होते. आर्क्टिकमधील गोठलेल्या जमिनीत वातावरणातील कार्बनच्या साधारण दुप्पट सेंद्रिय कार्बन साठलेला आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याकडे अलिप्तपणे पाहता येत नाही.

अर्थ लावताना एकाच काळातील दूरच्या जागा शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावावी. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडा मिळाला, ज्याचे वय सुमारे २५,००० वर्षे आहे. त्याच सुमारास सायबेरियात येडोमाचे थर साचत होते. एका कवचावरून खानदेशाचे हवामान सांगता येत नाही, पण गिरणेच्या खोऱ्यातील त्या काळच्या गाळात परागांचा, कार्बोनेटचा शोध घ्यावा, हा प्रश्न त्यातून निश्चित उभा राहतो.

आठवी पायरी: पुढे कोठे जावे

आर्क्टिकला न जाताही आर्क्टिकच्या नोंदींवर काम करता येते. पॅन्जिया आणि निओटोमा या खुल्या संग्रहांत शेकडो तळ्यांची मूळ आकडेवारी विनामूल्य उतरवून घेता येते. एल्गिगित्गिनचीही तेथे आहे. एखादा प्रसिद्ध आलेख निवडून, मूळ आकड्यांवरून तो स्वतः पुन्हा काढावा आणि वयाचे प्रारूप बदलले तर तो किती सरकतो ते पाहावे. मला यापेक्षा चांगला पहिला प्रकल्प माहीत नाही.

प्रशिक्षणासाठी जळगावच्या विद्यापीठातील पर्यावरण आणि भूविज्ञान प्रशालेत विचारणा करावी. परागांसाठी लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था, डायटमसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था, आणि रेडिओकार्बन व प्रकाशदीप्ती मापनासाठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा ही नावे लक्षात ठेवावीत. प्रत्यक्ष ध्रुवीय मोहिमांचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे असते. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ साली गेली, आणि २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुन्द येथे, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, ‘हिमाद्री’ हे आपले केंद्र आहे. अशा मोहिमेसाठी प्रस्ताव पाठवताना वर्णनाची वही, जाळून होणाऱ्या घटीचे आलेख आणि परागांच्या संदर्भ काचपट्ट्या हाताशी असतील तर प्रस्तावातील कार्यपद्धतीचे पान लिहिणे सोपे जाते. त्याची तयारी पाऊस सुरू होण्याआधी, तलाव कोरडा असतानाच करावी लागते. जूनच्या मध्यानंतर खड्डा खणता येत नाही.